माडाची खाच बुजत का नाही? झाडांच्या ऊती आणि आपली बाग

सुरंगी
माडावर चढायला खोडात पाडलेली खाच कधीच बुजत नाही. आजोबांच्या काळात पाडलेली खाच नातवाच्या पायालाही तितकीच खोल लागते. शेजारच्या आंब्याची फांदी छाटली, तर मात्र कापलेल्या जागेभोवती सालीचं जाड कडं धरतं आणि काही वर्षांत ते जखमेवर सरकत जाऊन ती झाकून टाकतं. दोन्ही झाडं एकाच मातीत, एकाच पावसात वाढलेली असतात. फरक आहे तो खोडातल्या ऊतींच्या, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या पेशींच्या गटांच्या, मांडणीत.

मी कनिष्ठ महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. मुलं नववीत शिकलेला विभाजी ऊती, स्थायी ऊती, सरल, जटिल असा सगळा तक्ता तोंडपाठ करून येतात, पण समोरच्या आंब्यात कॅम्बियम कुठे आहे ते दाखव म्हटलं की गप्प होतात. मला हे फार लागतं, कारण कोकणातल्या प्रत्येक घरामागे हा धडा उभा आहे.

थोडक्यात सांगते. झाडात काही पेशी जन्मभर विभागत राहतात, ती विभाजी ऊती. उरलेल्या पेशी एकदा काम ठरलं की त्याच कामाला लागतात, ती स्थायी ऊती. प्राण्यांची वाढ अंगभर होते, झाडाची ठरावीक जागीच: मुळाच्या नि खोडाच्या टोकाशी, गवत, ऊस, बांबू यांच्या पेरांपाशी, आणि आंबा-फणस-काजूसारख्या द्विदल झाडांत साल आणि लाकूड यांच्या मधोमध. हा शेवटचा थर म्हणजे कॅम्बियम. जाडी जेमतेम काही पेशींची. आतल्या बाजूला तो पाणी वर नेणारी जलवाहिनी, म्हणजे नवं लाकूड तयार करतो आणि बाहेरच्या बाजूला पानांतलं अन्न वाहून नेणारी रसवाहिनी. जखम झाली की तिथे नवी ऊती भरून काढण्याचं मुख्य काम याच्याकडे.

माड एकदल, म्हणजे बीत एकच दळ असलेला. त्याच्या खोडात वाहिन्यांचे जुडगे सगळीकडे विखुरलेले असतात. प्रत्येक जुडग्यात जलवाहिनी आणि रसवाहिनी शेजारी शेजारी, पण त्यांच्यामध्ये कॅम्बियम नाही. खोडाची जाडी ठरते ती शेंड्याखाली, कोवळेपणी. पुढे माड उंच होत जातो, पण आंब्यासारखे लाकडाचे नवे थर चढवत नाही. मग खाच भरायची कुणी?

तुमच्या शेतात, बागेत, धंद्यात या ऊती कुठे भेटतात ते लिहा. मला वर्गात सांगायला हवंय.

कलमवाला_कुडाळ
ताई, आमचा सगळा धंदाच त्या थरावर चालतो. पावसाळ्यात हापूसचं कोय कलम बांधतो तेव्हा रोप दोनेक आठवड्यांचं असतं, पानं अजून तांबूस. शेंडा छाटायचा, मधोमध चीर द्यायची आणि हापूसच्या त्याच जाडीच्या काडीला दोन्ही बाजूंनी पाचरीसारखा तास देऊन ती चिरेत बसवायची. वरून प्लास्टिकची पट्टी घट्ट. काडी झाडावर असतानाच तिची पानं आठवडा-दहा दिवस आधी काढून ठेवतो, म्हणजे डोळे फुगतात.

नवीन पोराला मी पहिली गोष्ट हीच शिकवतो की काडी आणि रोप सारख्या जाडीचे नसतील तर काडी मधोमध बसवू नको, एका बाजूला सरकव. एका बाजूची साल सालीला मिळाली पाहिजे. दिसायला वाकडं दिसेल, पण जगेल. मधोमध बसवलेलं देखणं दिसतं आणि वाळून जातं.

सुरंगी
@कलमवाला_कुडाळ, अगदी हेच. साल सालीला मिळाली म्हणजे कॅम्बियम कॅम्बियमला मिळालं. कापलेल्या दोन्ही पृष्ठभागांवर आधी मूल ऊतीसारख्या, म्हणजे पातळ भिंतीच्या साध्या, मऊ पेशींचा गोळा तयार होतो. त्यातून दोन्हीकडची कॅम्बियमं एकमेकांना जोडली जातात आणि मगच नवी जलवाहिनी नि रसवाहिनी आरपार जाते. तोवर काडीला खालून पुरेसं पाणी नसतं. तुम्ही पट्टी घट्ट बांधता आणि दमट हवेत कलम करता, ते त्या मधल्या दिवसांत काडी सुकू नये म्हणून.

शिरीष_सांगाती
एक शंका. माडाचं कलम होत नाही याचं कारण कॅम्बियम नसणं की फांद्याच नसणं? काडी आणायची कुठून? शिवाय एकदल झाडं जाड होतच नाहीत हेही सरसकट खरं नाही. आमच्या कुंडीतला ड्रासेना वर्षागणिक जाड होतोय.

सुरंगी
दोन्ही मुद्दे बरोबर. ड्रासेना, युका यांच्या खोडात बाहेरच्या बाजूला जाडी वाढवणारा एक वेगळा विभाजी थर असतो. तो नवे जुडगे आणि त्यांच्याभोवतीची मूल ऊती तयार करतो. आंब्याच्या कॅम्बियमपेक्षा त्याची रीत निराळी, पण खोड जाड होतं हे खरं. ताडकुळातल्या झाडांत असा थर नसतो.

फांदीबद्दल: माडाला शेंड्यावर एकच वाढता कोंब. बगलेतून येते ती पोय, म्हणजे फुलोरा. तेव्हा काडीही नाही आणि जोडणारा थरही नाही. म्हणून माडाची लागवड नारळापासूनच करावी लागते. आणि म्हणूनच तो एक कोंब गेला की अख्खा माड गेला. गेंड्या भुंगा त्याच कोवळ्या, न उलगडलेल्या झावळांत शिरतो. झावळ उलगडल्यावर त्रिकोणी कातरल्यासारखं दिसतं ना? ती भुंग्याने झावळ मिटलेलं असताना पाडलेली भोकं. पानं कातरलेला माड सावरतो, पण भुंगा आतल्या विभाजी ऊतीपर्यंत पोचला तर पुढचं पान येतच नाही.

ऊसकरी_वाळवा
उसात याच्या उलट बघायला मिळतं. शेंडा पोखरणाऱ्या अळीने वरचा कोंब मारला की खालचे डोळे जागे होतात आणि पांगशा, म्हणजे बाजूचे कोंब, फुटतात. ऊस मरत नाही, पण वाढ खुंटते, वजनात मार बसतो. हरभऱ्याचे शेंडे आपण मुद्दाम खुडतो ते फांद्या फुटाव्यात म्हणून, तेही त्याच कारणाने का?

सुरंगी
हो. टोकाची विभाजी ऊती जिवंत असते तोवर तिथून खाली येणारी संप्रेरकं बगलेतल्या डोळ्यांना दाबून ठेवतात. टोक गेलं की दाब उठतो. हरभऱ्यात ते आपल्या फायद्याचं, उसात तोट्याचं, आणि माडाच्या खोडावर जागे व्हायला डोळेच नाहीत.

तुमच्या उसात आणखी एक पाहण्यासारखं आहे. वाऱ्याने लोळलेला ऊस काही दिवसांत टोकाकडून पुन्हा वर वळतो. कांडं मधून वाकत नाही, वळण पडतं ते पेरापाशी. तिथे आंतरीय विभाजी ऊती असते, आणि जमिनीकडच्या बाजूची वाढ जास्त झाली की कांडं वर उचललं जातं. गुरांनी चरलेलं गवत पुन्हा वाढतं तेही असंच, कारण पातं तळातून वाढतं आणि गुरं खातात ते टोक.

ऊसकरी_वाळवा
आणि साखर? ती कुठल्या ऊतीत?

सुरंगी
मूल ऊतीत. पातळ भिंतीच्या, मोठ्या रिक्तिकेच्या (पेशीतल्या रसाच्या पिशवीच्या) जिवंत पेशी. पानात तयार झालेली साखर रसवाहिनीतून येते आणि कांड्यातल्या या पेशींत साठते. ऊस चावल्यावर तोंडात उरतो तो चोथा म्हणजे मुख्यतः वाहिन्यांचे जुडगे, त्यांच्याभोवतीचे दृढ ऊतीचे, म्हणजे जाड, कडक भिंतींच्या पेशींचे, धागे आणि पिळून रिकाम्या झालेल्या पेशींच्या भिंती. बटाट्यातला स्टार्चही मूल ऊतीतच असतो. आपण झाडाचं जे मऊ म्हणून खातो ते बहुतेक वेळा हीच ऊती.

तासगावचा_माळी
द्राक्षवाले कॅम्बियम आणि रसवाहिनी रोजच्या भाषेत बोलत नाहीत, पण गर्डलिंग सगळ्यांना माहीत आहे. मणी लहान असताना खोडाची किंवा काडीची काही मिलिमीटर रुंदीची साल गोल काढतात, पूर्ण कड्यासारखी. पानांनी तयार केलेली साखर खाली मुळाकडे जाणं थांबतं आणि घडाला मिळते. मणी फुगतो. तीन-चार आठवड्यांत जखम भरून येते आणि खालचा रस्ता पुन्हा सुरू होतो.

सुरीला खोली कळली पाहिजे. साल निघाली पाहिजे, पण लाकडाला धक्का लागता कामा नये, नाहीतर वर जाणारं पाणी तुटतं. पट्टा रुंद काढला तर जखम वेळेत मिळत नाही आणि मुळं उपाशी राहतात. अशक्त वेलीवर हे करूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. एका हंगामाच्या मण्यासाठी वेल खचवण्यात अर्थ नाही.

बकुळ_पुणे
हे वाचून पोटात गोळा आला. आमच्या सोसायटीत रस्त्याकडेच्या बकुळीला लावलेला लोखंडी पिंजरा कुणी काढलाच नाही. आता वरचं कडं खोडात रुतलंय. कड्याच्या वर खोड फुगलंय, खाली बारीक आहे. पानं हिरवीगार आहेत म्हणून सगळे म्हणतात झाड ठणठणीत आहे. दुसऱ्या एका झाडाला दिव्यांच्या माळांच्या तारा वर्षानुवर्षं गुंडाळलेल्या आहेत.

सुरंगी
@बकुळ_पुणे, पानं हिरवी दिसतात यावर विसंबू नका. जलवाहिनी लाकडात, आतल्या बाजूला असते, म्हणून पाणी वर जात राहतं. दाबली जाते ती सालीतली रसवाहिनी. पानांनी केलेलं अन्न कड्याच्या वर अडतं, म्हणून वर फुगवटा. इटलीच्या मार्चेल्लो माल्पिगीने सतराव्या शतकात झाडाची साल कड्यासारखी काढून नेमका हाच फुगवटा पाहिला होता. खाली मुळं साठवलेल्या अन्नावर जगत असतात. साठा संपला की मुळं मरतात आणि मग एकदम वरचं सगळं वाळतं. लोकांना वाटतं झाड अचानक गेलं. ते कित्येक महिने आधीपासून उपाशी असतं.

कडं कापून काढा. जो भाग पूर्ण रुतलाय तो ओढून उपटू नका, भोवतीची चांगली सालही निघेल. दिसतो तेवढा तुकड्या-तुकड्यांनी कापा, म्हणजे आवळण थांबते. तारांची माळ आजच सोडवा. महाराष्ट्रात शहरी झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे, त्यामुळे फांद्या छाटायची वेळ आली तर महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी घ्या.

शिरीष_सांगाती
म्हणजे खोड पोकळ झालेला जुना वड जगतो आणि सालीचा पूर्ण पट्टा गेलेलं धडधाकट झाड मरतं.

सुरंगी
अगदी. जुन्या खोडाच्या गाभ्यातलं लाकूड पाणी वाहत नाही, ते आधार देतं. सागाचा गर्द गाभा तोच. पाणी चढतं ते बाहेरच्या फिकट लाकडातून. गाभा कुजला तर वादळात धोका वाढतो, पण झाडाचं खाणंपिणं चालू राहतं.

मांडवीकाठ
गोव्यातून लिहितोय. आमच्याकडे रेंदेर माडाची न उमललेली पोय बांधून, हलके ठोकून, टोक रोज थोडं थोडं कापतो. त्यातून ठिबकणारा ताजा रस गोड असतो, तो आंबला की सूर. हा रस कुठल्या वाहिनीतला?

सुरंगी
रसवाहिनीतला. फुलं आणि फळं वाढवण्यासाठी माड ती साखर पोयीकडे पाठवत असतो, तुमचा रेंदेर ती वाटेत उतरवून घेतो. ताज्या रसात साधारण दहा ते पंधरा टक्के साखर असते, तीही मुख्यतः आपण चहात घालतो तीच. म्हणून त्याचा गूळही होतो.

यात मला सर्वांत विलक्षण वाटतं ते हे: आंब्यात दरवर्षी नवी रसवाहिनी तयार होते आणि जुनी निकामी होऊन बाहेर ढकलली जाते. माडाला ती सोय नाही. रसवाहिनीतल्या ज्या चाळणी नलिका, म्हणजे साखर वाहून नेणाऱ्या पेशींच्या नळ्या, कोवळेपणी तयार झाल्या, त्यांनाच दशकानुदशकं जिवंत राहून काम करावं लागतं. या पेशींमध्ये केंद्रकही नसतं. शेजारच्या सहपेशींच्या आधारावर त्या चालतात. इतकी वर्षं केंद्रकाविना टिकणारी जिवंत पेशी सृष्टीत फार कमी ठिकाणी सापडेल.

म्हणून कळकळीने सांगते, माडाला नव्या खाचा पाडू नका. चढायला यंत्र किंवा शिडी वापरा. खाच बुजत नाही एवढंच नव्हे, सोंड्या भुंगा अंडी घालायला अशाच जखमा शोधतो.

कलमवाला_कुडाळ
बरोबर. खोडातून तांबूस चिकट रस गळताना दिसला तर तो सोंड्या. गेंड्यासाठी तारेच्या आकडीने भुंगा ओढून काढायचा. त्याची पैदास शेणखताच्या आणि कुजक्या पालापाचोळ्याच्या खड्ड्यात होते. नुसत्या झाडावर उपाय करून भागत नाही, खड्ड्यातल्या अळ्यांसाठी मेटारायझियम बुरशी घालावी लागते.

अंबाडी
मी नांदेड जिल्ह्यातली. आमच्याकडे अंबाडीची भाजी करतात ते सगळ्यांना ठाऊक, पण पूर्वी घरोघरी तिचे दोरही वळायचे. सोट पाण्यात भिजत घालायचे, साल कुजली की धुऊन वाख काढायचा. तो वाख म्हणजे दृढ ऊती का?

सुरंगी
हो. अंबाडीचा आणि तागाचा वाख सालीतल्या रसवाहिनीच्या भागात असतो. लांब, जाड भिंतींचे, पुरे वाढल्यावर बहुतेक मृत असे तंतू. पाण्यातले सूक्ष्मजीव भोवतीच्या मऊ पेशी आणि त्यांना चिकटवून ठेवणारं पेक्टिन खातात, तंतूंना मात्र इतक्या लवकर हात लावू शकत नाहीत. सगळी कला सोट वेळेवर बाहेर काढण्यात आहे, जास्त कुजले तर वाखही कमजोर होतो. काथ्याही दृढ ऊतीच, फक्त तो नारळाच्या सोडणातला. आणि करवंटी म्हणजे त्याच ऊतीच्या आखूड, दगडासारख्या पेशी. पेरू खाताना दाताखाली जो रवा लागतो, त्या पेशीही याच जातीच्या. कापूस मात्र या यादीत नाही, तो सरकीच्या अपित्वचेवरचा, म्हणजे सर्वांत बाहेरच्या थरावरचा, केस आहे. एकेक धागा म्हणजे एकेक पेशी.

नववीची_आई
मुलीची परीक्षा जवळ आलीय. स्थूलकोन आणि दृढ ऊती यांत तिचा गोंधळ होतो. दोन्ही आधारच देतात ना?

सुरंगी
तिला कुंडीतली तुळस दाखवा. कोवळी काडी चौकोनी असते, आणि चारही कोपऱ्यांत स्थूलकोन ऊती असते. या पेशी जिवंत असतात, भिंती कोपऱ्यांत जाड, पण लिग्निन (भिंत कडक करणारं द्रव्य) नसलेल्या. म्हणून काडी वाऱ्यात वाकते, मोडत नाही, आणि वाढत्या काडीबरोबर त्या पेशीही लांबत जातात. दृढ ऊतीच्या भिंतींत लिग्निन भरतं, पेशी बहुधा मरून जाते आणि मग ती लांबू शकत नाही. थोडक्यात, वाढत्या भागाचा आधार स्थूलकोन, वाढ संपलेल्या भागाचा दृढ. तिला विचारा, झाडावर छातीइतक्या उंचीला ठोकलेला खिळा दहा वर्षांनी कुठे असेल? तिथेच. खोड लांब होतं ते टोकाशी, खाली फक्त जाड होतं. हे उत्तर तिने कारणासकट दिलं की विभाजी ऊतींचे प्रकार तिला कळले असं समजा.

खाडीकाठची
भात पाण्यात उभं राहतं आणि तूर कुजते, तेही ऊतीमुळेच का? आणि आमच्या खाडीतली तिवरं?

सुरंगी
मोठा वाटा त्याचाच. भाताच्या मुळांत मूल ऊतीमध्ये हवेच्या लांब पोकळ्या असतात, ती वायू ऊती. पानांकडून आलेला प्राणवायू त्यातून मुळाच्या टोकापर्यंत पोचतो. कमळकाकडीच्या चकतीतली भोकंही तीच. तिवराची चिखलातून वर आलेली मुळं बाहेरची हवा घेऊन अशाच पोकळ्यांतून खाली नेतात. म्हणून त्या मुळांवर भराव टाकला की तिवर गुदमरतं, एक फांदीही न तोडता.

केळीवाला_रावेर
आम्ही केळीच्या ग्रँड नैन जातीची टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत ऊतीपासून वाढवलेली, रोपं लावतो. त्यात नेमकी कुठली ऊती घेतात?

सुरंगी
कंदातून निघालेल्या मुनव्याचं आतलं टोक, म्हणजे प्ररोहाची (वाढत्या कोंबाची) विभाजी ऊती. टोकाच्या अगदी शेवटच्या भागात अजून वाहिन्याच तयार झालेल्या नसतात, त्यामुळे विषाणू तिथवर सहसा पोचत नाहीत. तरी मातृझाडाची तपासणी केलेली रोपंच घ्या, टोकाने सगळेच रोग गाळले जात नाहीत.

एक गोष्ट केळीबरोबर माडालाही जोडणारी. १९५८ मध्ये अमेरिकेत फ्रेडरिक स्टिवर्ड यांनी गाजराच्या रसवाहिनीच्या भागातल्या पेशी वाढवून त्यांपासून नवी रोपं मिळवल्याचं जाहीर केलं. त्या पेशींच्या पोषणद्रव्यात शहाळ्याचं पाणी होतं. हे पाणी म्हणजे वाढत्या गर्भासाठीचं द्रवरूप भ्रूणपोष, त्यात पेशी विभागायला लावणारी संप्रेरकं असतात. माडाची स्वतःची रोपं या पद्धतीने करणं मात्र दशकानुदशकं अतिशय कठीण ठरलंय.

शिरीष_सांगाती
शेवटचं विचारतो. पाणी वर ढकलतं कोण? जगदीशचंद्र बसूंनी जिवंत पेशी पंपासारख्या काम करतात असं मांडलं होतं ना?

सुरंगी
हो, १९२३ मध्ये त्यांचं त्यावर पुस्तकही आलं. पण त्याआधीच, १८९० च्या दशकात, वनस्पतिशास्त्रज्ञ स्ट्रासबुर्गरने झाडांना विषारी द्रावण शोषायला लावून खोडातल्या जिवंत पेशी मारल्या होत्या, तरीही पाणी चढत राहिलं. १८९४ मध्ये डिक्सन आणि जोली या शास्त्रज्ञांनी मांडलं ते आज मान्य आहे: पानांतून बाष्प उडतं, पाण्याचे रेणू एकमेकांना धरून असतात आणि मृत, पोकळ वाहिन्यांतून अख्खा स्तंभ वर ओढला जातो. बसूंची उपकरणं अफाट नाजूक होती, माझ्या मनात त्यांच्याबद्दल अतोनात आदर आहे. या एका प्रश्नावर पुरावा दुसऱ्या बाजूला आहे.

नववीची_आई
तुळस आणि खिळा दोन्ही जमलं! घरी करून बघण्याजोगा एखादा प्रयोग सांगाल?

सुरंगी
तेरडा. मुळासकट उपटलात तर माती धुवा, नाहीतर देठ पाण्याखाली तिरका कापा आणि लाल शाईच्या पाण्यात ठेवा. खोड अर्धपारदर्शक असतं, काही तासांत लाल रेघा चढताना दिसतात. मग ब्लेडने पातळ चकती कापा, हे मोठ्या माणसाने करावं. लाल ठिपके कडेच्या वर्तुळात दिसतील. त्याच पाण्यात मक्याचं कोवळं रोपही ठेवा. त्याच्या चकतीत ठिपके सगळीकडे विखुरलेले दिसतील, माडाच्या खोडात असतात तसे. दोन्ही चकत्या शेजारी ठेवून तिला चित्र काढायला सांगा, नावं नंतर घालू देत.